गाणी आणि ट्रॅक्टर एकाच कलमात



आज तुम्हाला मिळणाऱ्या पदवीवर कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. आपल्या विद्यापीठाला ते २०१८ साली मिळालं. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. आसोद्यात जन्मलेल्या आणि जळगावात संसार केलेल्या या बाईंनी शेतात, घरात, काम करता करता गाणी रचली. ती मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या माणसांनी लिहून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या, आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या आग्रहामुळे त्या गाण्यांचं पुस्तक निघालं. लेखकाच्या पश्चात प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा कॉपीराइट आपल्या कायद्यात प्रसिद्धीनंतर साठ वर्षं चालतो. २०१२ संपलं तसा हा हक्कही संपला. आज कुणीही ती गाणी छापू शकतं, चाल लावून गाऊ शकतं. घराण्याचा हक्क काही काळ राहिला, मग गाणी सगळ्यांची झाली. कॉपीराइटचा मूळ व्यवहार इतका सरळ आहे: निर्मात्याला ठरावीक मुदतीचा हक्क आणि समाजाला कायमची भर. आणि मुदत चालू असतानाही ती गाणी कुणापासून लपलेली नव्हती. ऐकायला, पाठ करायला, त्यांवरून शिकायला कुणाची आडकाठी नव्हती.

आता याच १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम २ उघडा. ‘साहित्यकृती’ कशाला म्हणावं, हे तिथं सांगितलं आहे आणि त्या व्याख्येत संगणकाचा प्रोग्रॅमही बसवला आहे. म्हणजे बहिणाबाईंची गाणी आणि ट्रॅक्टरच्या इंजिनाला डिझेल किती सोडायचं हे ठरवणारा प्रोग्रॅम, दोन्ही कायद्याच्या नजरेत एकाच जातीची वस्तू. कंपनीच्या मालकीच्या प्रोग्रॅमलाही असंच कित्येक दशकांचं संरक्षण. पण गाण्याच्या व्यवहारात समाजाला जे मिळतं ते इथं मिळत नाही. प्रोग्रॅम कुलूपबंद असतो, त्यात काय लिहिलं आहे हे विकत घेणाऱ्यालाही दिसत नाही, आणि मुदत संपून तो खुला होईल तेव्हा ते यंत्र भंगारात जाऊनही कित्येक वर्षं लोटलेली असतील. गाण्यासाठी केलेला कायदा यंत्राला कुलूप घालायला वापरला जातो आहे आणि त्याची किंमत शेतकऱ्यापासून देशाच्या सुरक्षेपर्यंत सगळ्यांना मोजावी लागते, हे मला आज तुमच्यापुढे मांडायचं आहे.

ट्रॅक्टरचंच उदाहरण घेतो, कारण या सभागृहातल्या अनेक घरांचं पोट त्यावर आहे. पन्नास हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे निकष लागू झाले. ते निकष योग्यच आहेत. पण ते पाळायचे तर डिझेल कोणत्या क्षणी, किती दाबानं सिलिंडरमध्ये जायचं हे पानाच्या डब्याएवढ्या एका संगणकाला ठरवावं लागतं. बॉनेटखाली ही चपटी डबी असते आणि तिच्यातून मनगटाएवढा वायरांचा जुडगा निघतो. एखादा सेन्सर बिघडला की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, इंजिन आपणहून जोर कमी करतं आणि नांगर तासात अडकून राहतो. गावातल्या मिस्त्रीला आवाजावरून दोष ओळखता येत असेल, पण इथं त्याचं काही चालत नाही. दोषाचा क्रमांक वाचायला लागणारं सॉफ्टवेअर डीलरच्या लॅपटॉपमध्ये असतं. काही यंत्रांत तर नवा भाग बसवल्यावरही त्या लॅपटॉपनं मान्यता दिल्याशिवाय डबी तो स्वीकारत नाही. महागड्या मोबाइलमध्येही हेच सुरू झालं आहे. त्याच कंपनीचा अस्सल स्क्रीन दुसऱ्या फोनमधून काढून बसवला, तरी काही फोन ‘अनोळखी भाग’ म्हणून इशारा देऊ लागले. पेरणीच्या आठवड्यात डीलरच्या माणसाची वाट बघत बसलेल्या शेतकऱ्यानं ट्रॅक्टर विकत घेतला की भाड्यानं, असा प्रश्न पडावा, अशी ही अवस्था आहे.

अमेरिकेत हा प्रश्न आपल्या आधी आला. पुण्याजवळ सणसवाडीला कारखाना असलेल्या जॉन डियर कंपनीनं २०१५ मध्ये तिथल्या कॉपीराइट कार्यालयापुढे मांडलं, की ट्रॅक्टर घेणाऱ्याला आतल्या सॉफ्टवेअरची मालकी मिळत नाही, ते वापरण्याचा परवाना तेवढा मिळतो. त्याच वर्षी तिथं दुरुस्तीपुरती सूट मिळाली, पण हत्यारं आणि माहिती कंपनीच्याच हाती राहिली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी सरकारच्या व्यापार आयोगानं याच कारणावरून कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. दहा वर्षं आणि दोन सरकारी यंत्रणा एका साध्या प्रश्नात गुंतल्या: आपलं यंत्र आपण उघडावं की नाही?

याच कुलपाचं दुसरं रूप २०२२ च्या वसंतात युक्रेनमध्ये दिसलं. मेलितोपोल शहरातल्या एका डीलरकडून रशियन सैनिकांनी सुमारे पन्नास लाख डॉलरची शेतीयंत्रं पळवून चेचन्यापर्यंत नेली, अशी बातमी त्या मे महिन्यात आली. तिथं यंत्रं सुरू करायला गेले, तर ती दुरूनच बंद करून टाकलेली होती. जगभर टाळ्या पडल्या. लुटारूंची फजिती झाली याचा आनंद मलाही आहे. पण तंत्रज्ञानाची आवड असणाऱ्या, यंत्रं उघडून बघणाऱ्या मंडळींनी त्याच सुमारास एक अस्वस्थ करणारा प्रश्न विचारला, आणि तो प्रश्न मला टाळ्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. चोरलेलं यंत्र दुरून बंद करता येत असेल, तर न चोरलेलंही करता येतं. कळ कंपनीच्या हाती आहे. ती कंपनी ज्या देशात आहे त्या देशाचं सरकार उद्या कंपनीला हुकूम देऊ शकतं, किंवा कंपनीच्या संगणकात शिरून ती कळ तिसराच कुणी दाबू शकतो. हंगामाच्या तोंडावर एखाद्या देशाचे हजारो ट्रॅक्टर उभे करायला मग रणगाडे लागणार नाहीत.

हे लांबचं वाटत असेल तर १२ ऑक्टोबर २०२० आठवा. त्या सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. पुढच्या वर्षी वीजयंत्रणेवरच्या सायबर हल्ल्यांबद्दल एका अमेरिकी संस्थेचा अहवाल आला, राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताची शक्यता बोलून दाखवली, आणि केंद्राच्या ऊर्जामंत्र्यांनी कारण मानवी चूक असल्याचं सांगितलं. खरं कोणतं, यावर निवाडा द्यायला मी इथं उभा नाही. देशाच्या आर्थिक राजधानीचा दिवा विझतो आणि अपघात की हल्ला यावर जबाबदार माणसांचं एकमत होत नाही, ही गोष्टच मला गंभीर वाटते. असा वाद मिटायचा तर यंत्राच्या पोटात काय आहे हे आपल्याला स्वतःला तपासता आलं पाहिजे. आपल्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात २०१३ पासून १२५ मेगावॅटचा सौरप्रकल्प चालू आहे. आता घराघरांच्या छपरावर पॅनेल आणि शेतात सौरपंप येत आहेत. अशा कितीतरी यंत्रणांत इंटरनेटशी जोडलेली एक डबी असते. ती कुणाशी बोलते, काय सांगते, हे विचारणं म्हणजे संशयखोरपणा नव्हे. केंद्र सरकारनं २०२४ मध्ये सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेची तपासणी सक्तीची केली, ती याच काळजीपोटी.

यावर पहिला आक्षेप कलावंतांचा येईल, आणि तो मी सर्वांत आदरानं ऐकतो. कुलपं काढा म्हणणारी हीच तंत्रप्रेमी मंडळी, यांच्यातलेच काही जण कॉपीराइटच नको म्हणतात. माहितीला मोल लावू नये, सगळं सगळ्यांना फुकट मिळावं, असं म्हणतात. तिथं माझा आणि त्यांचा रस्ता वेगळा होतो. गेल्या काही वर्षांत अहिराणी गाण्यांनी यूट्यूबवर मोठा श्रोता मिळवला. लग्नाच्या वरातीत ती वाजतात, आणि वरातीसारख्या प्रसंगाला कायद्यानंच सूट दिली आहे, ते ठीकच आहे. पण दुसऱ्याचं गाणं उचलून, गीतकाराचं नाव पुसून, स्वतःच्या चॅनेलवर टाकून जाहिरातीचे पैसे खाणं ही चोरी आहे. आपल्या बोलीत लिहिणाऱ्या-गाणाऱ्याकडे वकील नाही, कंपनी नाही. कॉपीराइट हेच त्याचं एकमेव हत्यार आहे. ते मोडायला मी सांगणार नाही. खुल्या सॉफ्टवेअरच्या चळवळीनंही ते मोडलेलं नाही. तिचे एक प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ज्या सॉफ्टवेअर प्रकल्पाची घोषणा केली, त्याचा परवाना कॉपीराइटवरच उभा आहे. प्रोग्रॅम घ्या, बदला, वाटा, पण पुढच्याला हाच हक्क नाकारू नका, ही अट कॉपीराइट नसता तर कोणत्याही न्यायालयात टिकली नसती. गाण्याची नक्कल करून विकणारा निर्मात्याच्या पोटावर मारतो. स्वतःच्या ट्रॅक्टरचा दोष वाचणारा कुणाच्या पोटावर मारतो? दोघांना एकाच काठीनं हाकणारा कायदा दोघांवरही अन्याय करतो. हा फरक ओळखणं न्यायालयांना अशक्य नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानावर मोठ्या परदेशी प्रकाशकांनी दावा लावला, तेव्हा २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं शिक्षणासाठी काढलेल्या प्रतींना कायद्यात जागा असल्याचं सांगितलं. हेतू पाहिला आणि दुकान वाचलं.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. कुलपं उघडली तर चोराचंच फावेल, आतली रचना गुप्त असेल तरच यंत्र सुरक्षित, असं अनेक अधिकारी मनापासून मानतात. सुरक्षेच्या शास्त्राचा अनुभव उलट आहे. १८८३ मध्येच सांकेतिक लिपीचे अभ्यासक केर्कहॉफ्स यांनी लष्करी सांकेतिक लिपीबद्दल लिहिताना नियम घालून दिला होता, की रचना शत्रूच्या हाती पडली तरी चालेल अशीच ती असावी, गुप्त राहावी ती फक्त किल्ली. आणि मार्च २०२४ ची एक घटना तुम्ही मुळातून अभ्यासावी अशी आहे. एक्सझेड नावाचं फायली आकसवणारं छोटं खुलं सॉफ्टवेअर जगभरच्या असंख्य सर्व्हरवर चालतं. जिया टान या नावानं वावरणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षं इमानानं काम करून त्या प्रकल्पाचा विश्वास मिळवला आणि मग त्यात चोरदरवाजा बसवला. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आलं, की सर्व्हरवर लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! दुसऱ्या कुणी सोडून दिलं असतं. त्यांनी आत शिरून पाहिलं आणि तो दरवाजा सापडला. खुलेपणामुळेच दरवाजा बसला, असं कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. फुकट राबणाऱ्या एकट्या थकलेल्या माणसावर जगाचा भार टाकला, ही खुल्या चळवळीची खरी दुबळी बाजू आहे, तिच्यावर पैसा आणि माणसं लागली पाहिजेत. पण तोच दरवाजा कुलूपबंद सॉफ्टवेअरमध्ये असता तर फ्रॉइंड यांना अर्धा सेकंद जाणवला असता, आणि आत बघण्याची सोय नसल्यामुळे गोष्ट तिथंच संपली असती.

आता आपल्या कायद्याकडे. २०१२ च्या दुरुस्तीनं डिजिटल कुलूप तोडणं हा गुन्हा ठरवला, पण हक्क बुडवण्याच्या हेतूनं तोडलं तरच. संशोधनासाठी, मालकाच्या परवानगीनं सुरक्षा तपासण्यासाठी मोकळीक ठेवली. प्रोग्रॅम कसा चालतो याचा अभ्यास करण्याची मुभाही कायद्यात आहे. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यापेक्षा आपला कायदा शहाणा आहे, हे मी अभिमानानं सांगतो. पण तो फक्त ‘उघडलंस तर शिक्षा नाही’ एवढंच म्हणतो. दोषाचे क्रमांक, सुटे भाग, दुरुस्तीचं पुस्तक कंपनीनं द्यावं, अशी सक्ती त्यात नाही. विहिरीवर जायला मनाई नाही, पण पोहरा मात्र दुसऱ्याच्या घरात, असा हा हक्क आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच डिसेंबरात पोर्टल सुरू केलं, आणि ज्या चार क्षेत्रांकडे लक्ष दिलं त्यांत शेतीची अवजारं आहेत. दिशा बरोबर आहे, पण कंपन्यांच्या मर्जीवर चालणारं पोर्टल कायद्याची जागा घेऊ शकत नाही. आपल्याकडचे बहुसंख्य ट्रॅक्टर अजून पन्नास हॉर्सपॉवरच्या आतले आहेत, मिस्त्रीच्या हाताखालचे आहेत. कायदा करायचा तर हीच वेळ आहे.

नरडाण्यात बसून आम्ही काय करणार, असं तुमच्यातल्या काहींच्या मनात असेल. तुमच्यातले बरेच जण इथल्या एमआयडीसीत, शिरपूर-धुळ्याच्या कारखान्यांत, जिनिंगमध्ये, पतसंस्थेत खरेदीच्या आणि हिशेबाच्या टेबलावर बसणार आहेत. तिथं एक कागद तुमच्या हातून जाईल, त्याचं नाव परचेस ऑर्डर. मशीन चालवणाऱ्या नियंत्रकाचा, म्हणजे पीएलसीचा, प्रोग्रॅम पासवर्डनं बंद करून देण्याची पद्धत सर्रास आहे. पुरवठादार धंदा सोडून गेला की लाखोंचं मशीन एका विसरलेल्या पासवर्डपायी उभं राहतं. तेव्हा ऑर्डरमध्येच लिहा: प्रोग्रॅमचा बॅकअप आणि पासवर्ड मशीनसोबत मिळावा, दोषांच्या क्रमांकांची यादी मिळावी, सुटे भाग किती वर्षं मिळतील ते लेखी द्यावं, दुरून जोडणी करायची असेल तर आमच्या परवानगीनं आणि आम्हाला बंद करता येईल अशी असावी. या अटी घालायला नवा कायदा लागत नाही, कराराचा जुना कायदा पुरेसा आहे. पुरवठादार नाही म्हणाला, तर सही करण्याआधी दुसऱ्या दोघांची कोटेशनं मागवा.