वाऱ्याचा डोळा

आज एका शब्दाविषयी बोलायचं आहे. शब्द खिडकीचा आहे, पण थेट उत्तर युरोपातला. डॅनिश, नॉर्वेजियन, स्वीडिश, आइसलँडिक या सगळ्या जुन्या नॉर्स भाषेच्या लेकी. त्या आईच्या बोलीत खिडकीला एक शब्द होता, 'विंदाउगा'. 'विंद' म्हणजे वारा आणि 'आउगा' म्हणजे डोळा. वाऱ्याचा डोळा!

हा शब्द कुणा कवीनं बसून रचलेला नव्हे. तेव्हा सामान्यांच्या घरात काच नव्हती. लांबलचक घर, मधोमध पेटलेली शेकोटी आणि धूर जायला, उजेड यायला छतात ठेवलेलं भोक. आपल्याकडच्या माळवदाच्या घरांतही असं भोक असे. त्यातून पडणारा उन्हाचा कवडसा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा डोळा समजावून सांगावा लागणार नाही.

गंमत पुढेच आहे. 'विंद' आणि संस्कृत 'वात' हे एकाच मुळातून आलेले. फारसीतला 'बाद' म्हणजे वारा, तोही त्यांचाच भाऊ. 'आउगा'चं नातं 'अक्षि'शी सांगतात. आणि संस्कृतात खिडकीला शब्द कोणते? 'गवाक्ष', म्हणजे गाईचा डोळा, आणि 'वातायन', म्हणजे वाऱ्याची वाट. हजारो कोसांवरच्या माणसांनी भिंतीतल्या भोकात डोळाच पाहिला आणि वाराच ऐकला.

आता लेकींकडे वळू. डॅनिशमध्ये 'विंदुए' झालं, नॉर्वेत 'विंदू'. झिजता झिजता त्यातला डोळा मिटला. स्वीडिशनं जर्मन व्यापाऱ्यांच्या संगतीनं 'फॉन्स्टर' घेतला. त्याचं मूळ लॅटिन. जुने शब्द जिवापाड जपणाऱ्या आइसलँडमध्ये तर खिडकीला निराळाच शब्द, 'ग्लुग्गी'.

नॉर्वे १८१४ पर्यंत डेन्मार्कच्या सत्तेखाली होतं, त्यामुळे लिहिण्याची भाषाही डॅनिश. ईवार ओसेन नावाचा शेतकऱ्याचा मुलगा १८४० च्या दशकात खेडोपाडी हिंडला, लोकांच्या तोंडचे शब्द गोळा करत. त्यातून नॉर्वेजियनचं दुसरं लेखी रूप घडलं, आणि १८८५ मध्ये तिथल्या संसदेनं त्याला बरोबरीचा दर्जा दिला. त्या रूपात आजही 'विंदाउगे' लिहितात. तिथं डोळा उघडा आहे. एकाच देशात खिडकीला दोन शब्द, आणि दोन्ही शुद्ध.

आणि इंग्रजी? त्यांचा स्वतःचा जुना शब्द होता, त्याचा अर्थ 'डोळ्याचं भोक'. व्हायकिंग आले, आधी लुटारू म्हणून. मग शेती करून तिथंच राहिले, शेजारी झाले, सोयरे झाले. तेराव्या शतकात 'विंडो' इंग्रजीत दिसू लागतो. ज्यांच्या भीतीनं एके काळी दारं लावून घेतली, त्यांचाच शब्द घरच्या खिडकीला राहिला. आज कोणता इंग्रज त्याला परका म्हणेल?

हे सारं मी का सांगतो आहे? तिशीत असताना मी एका अंकाला कविता पाठवली होती. पहाटे आई खिडकीचा पडदा सारते, अशी ओळ होती. संपादकांचं पत्र आलं, 'कविता आवडली. मात्र पडदा हा शब्द फारसी आहे, तेवढा मराठी शब्द घाला.' पत्रात राग नव्हता, आपुलकीच होती. पण तो शब्द मला माझ्या नावाकडे पाहून खटकल्यासारखा वाटला. पडदा सगळ्याच मराठी घरांत असतो. कुणी त्याला दुसरं काही म्हणत नाही. तरी मी शब्द बदलला. 'आवरण' घातला. कविता छापून आली. आईला वाचून दाखवली, तर ती म्हणाली, "आवरण म्हंजे रे काय?"

आता आई नाही. शब्दांची जातकुळी विचारू नये, असं मी म्हणणार नाही. जरूर विचारावी, कारण विचारलं की 'बाद' आणि 'वात' भाऊ निघतात. पण ती विचारावी नातं शोधण्यासाठी, घराबाहेर काढण्यासाठी नव्हे.

नव्या संग्रहासाठी परवा जुन्या कविता काढल्या. त्या ओळीतलं आवरण काढलं आणि आईचा पडदा पुन्हा लावला.