दोन दुर्वाहकांच्या सीमेवर
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आजचा विषय प्रथमदर्शनी रूक्ष वाटेल. परंतु त्याच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे. ज्या दोन पदार्थांतून वीज जवळजवळ वाहतच नाही, ते एकमेकांस चिकटवले तर त्यांच्या सीमेवरून ती वाहील काय? व्यवहारी मनुष्य म्हणेल, शून्यात शून्य मिळविले तर शून्यच. निसर्गाचे उत्तर मात्र निराळे आहे.

तांब्याच्या तारेत इलेक्ट्रॉन मोकळेपणी फिरतात. सेंद्रिय, म्हणजे मुख्यत्वे कार्बनयुक्त रेणूंच्या, स्फटिकांत सामान्यतः तसे घडत नाही. त्यांची स्थिती भरगच्च नाट्यगृहासारखी समजावी. खालच्या सर्व खुर्च्या भरलेल्या, वरचा सज्जा ओस आणि मधला जिना फार उंच. खाली जागा नाही म्हणून कोणी हलत नाही. वर हलावयास कोणी नाही. अशा पदार्थांना अर्धवाहक म्हणतात. आणि जिना फारच उंच असला तर ते व्यवहारतः दुर्वाहकच ठरतात.

अशा पदार्थांपैकी दोघांची नावे लांबलचक आहेत : टेट्राथायाफुल्व्हालीन आणि टेट्रासायानोक्विनोडायमिथेन. आपण त्यांस टी.टी.एफ. आणि टी.सी.एन.क्यू. म्हणू. पहिला इलेक्ट्रॉन देण्यास उत्सुक, तर दुसरा घेण्यास. १९७३ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स आणि पेनसिल्व्हेनिया या विद्यापीठांतील संशोधकांनी दाखविले की, या दोहोंच्या संयोगाने होणारा स्फटिक धातूप्रमाणे वीज वाहतो. तो थंड करीत गेल्यास त्याची वाहकता सुमारे उणे २१३ अंश सेल्सियसपर्यंत वाढत जाते. त्याखाली मात्र ती झपाट्याने नाहीशी होते. परंतु या स्फटिकात दोन्ही प्रकारच्या रेणूंच्या चळती शेजारी शेजारी रचलेल्या असतात. दोन्ही पदार्थ वेगवेगळे ठेवून नुसते टेकविले तर काय होईल, हा प्रश्न उरलाच होता.

त्याचे उत्तर २००८ साली नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे मिळाले. हेलेना आल्व्हेस, अल्बेर्तो मोर्पुर्गो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही पदार्थांचे स्वतंत्र स्फटिक वाढविले आणि एकावर एक अलगद ठेवले. पातळ, लवचीक स्फटिक डिंकावाचूनच घट्ट चिकटतात. मग सीमेवरील रोध मोजला. सामान्य तापमानात त्या पृष्ठाच्या चौरस तुकड्याचा रोध १ ते ३० किलोओहम भरला. तांब्याच्या मानाने हा पुष्कळ होय. पण सुट्या स्फटिकांच्या मानाने अत्यल्पच. शिवाय उत्तम नमुने थंड केले असता रोध आणखी कमी झाला. अर्धवाहकाचा रोध थंडीत वाढतो आणि धातूचा घटतो. म्हणजे सीमेने धातूचा धर्म स्वीकारला होता.

हे कसे घडले? पुन्हा नाट्यगृहाकडे वळू. टी.टी.एफ.च्या खालच्या खुर्च्यांवरील काही मंडळी शेजारच्या नाट्यगृहाच्या सज्जात जाऊन बसली. इकडे जागा रिकाम्या झाल्या, तिकडे सज्जात माणसे आली. दोन्हीकडे हालचाल शक्य झाली. बाहेरून एकही इलेक्ट्रॉन आणला नव्हता. ही देवाणघेवाण केवळ सीमेलगतच्या रेणूंतच होते. तो थर अवघ्या काही नॅनोमीटरांचा, आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग!

सीमेचे हे महत्त्व एका प्रयोगापुरते नाही. १९८६ साली अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीतील सी. डब्ल्यू. टँग यांनी दोन सेंद्रिय थरांचा सौर घट प्रसिद्ध केला. सूर्यप्रकाशाच्या केवळ १ टक्का शक्तीची वीज होत असे. परंतु थरांच्या सीमेवर विद्युत्भार विलग होतात हे तत्त्व पुढील संशोधनाचा पाया ठरले. १९८७ साली त्यांनी व स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी अशाच दोन थरांतून प्रकाश निर्माण केला. आज अनेक भ्रमणध्वनींचे पडदे उजळतात ते त्याच परंपरेतील सेंद्रिय थरांमुळे.

तात्पर्य, पदार्थाचा गुण केवळ त्याच्या अंतरंगात शोधून भागत नाही; शेजारी कोण आहे, हेही पाहावे लागते. आपल्या घरातील मुलगा वा मुलगी पदार्थविज्ञान अथवा रसायन शिकू म्हणेल, तेव्हा "याचा उपयोग काय?" हा प्रश्न आपण पालक त्वरित विचारतो. प्रश्न गैर नाही. पण उत्तराची घाई गैर आहे. टँग यांचा १ टक्क्याचा घट पाहून कोणी तो प्रश्न विचारला असता, तर हातातील पडद्याचे उत्तर त्या दिवशी देता आले नसते. मुलांना तेवढा अवधी द्यावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.