टप्प्याटप्प्यानं अनवाणी

श्रोतेहो, एस.टी.चं भाडं किलोमीटरवर नाही, टप्प्यावर ठरतं. सहा किलोमीटरचा एक टप्पा. मी बी.ए. झालो ते मराठी घेऊन, कविताही लिहितो. पण पोट भरलं ते या टप्प्यांवर. नंदुरबार, तळोदा, धडगाव, अक्कलकुवा, शहादा या रस्त्यांवर वाहक म्हणून मला सव्वीस वर्षं झाली. त्यामुळे कुठलीही लांबची गोष्ट मला टप्प्यातच समजते. आज मी सांगणार आहे ते माझ्या पायांनी केलेल्या एका प्रवासाबद्दल. उंच टाचेच्या, पुढून निमुळत्या बुटांपासून 'बेअरफूट शूज' म्हणतात त्या पातळ बुटांपर्यंतचा हा प्रवास. अंतर बोटभर जाडीचं, पण पार करायला जवळजवळ वर्ष लागलं.

नाव ऐकून पहिल्यांदा मला हसूच आलं. अनवाणी बूट! म्हणजे 'उपाशी जेवण' म्हणण्यासारखं. पुण्याच्या भाच्यानं ते जोड पाठवले तेव्हा घरातल्या प्रत्येकानं ते हातात घेऊन पिळून पाहिले. खरोखरच फडक्यासारखे पिळले जात होते. त्यांची वैशिष्ट्यं थोडक्यात अशी. टाच आणि चवडा एकाच पातळीवर. नेहमीच्या धावण्याच्या बुटात टाच साधारण दहा मिलिमीटर उंच असते, इथे ती उंची शून्य. सोल पातळ आणि लवचिक. आत कमानीला टेकू देणारी गादी नाही. आणि पुढचा भाग पायाच्या आकाराचा रुंद, म्हणजे पाचही बोटांना पसरायला जागा.

माझ्या पायांना याची गरज का पडली? पन्नाशीच्या सुमाराला मला टाचदुखी लागली. सकाळी बिछान्यातून उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. हे दुखणं अनेकांना होतं आणि त्याला कारणंही अनेक असतात. एका तरुण फिजिओथेरपिस्ट ताईंनी माझे पाय तपासले आणि विचारलं, "काका, तुमची करंगळी कुठे गेली?" मी खाली पाहिलं. करंगळी शेजारच्या बोटाखाली दडलेली होती. मी दिवसातून पाच वेळा वुजू करतो. पाय घोट्यापर्यंत धुताना बोटांच्या बेचक्यांतून हाताचं बोट फिरवतो. त्या करंगळीशी माझं बोट रोजच अडायचं. ते अडणं मला वयाचं वाटत होतं. ताईंनी ते बुटाचं आहे हे दाखवलं.

लहानपणी असं नव्हतं. ईदला अब्बा आम्हा भावंडांना बूट घ्यायचे ते वाढत्या मापाचे. पुढे कापूस कोंबायचा आणि दोन वर्षं तेच वापरायचे. त्या ढगळ बुटांत बोटांची मजा होती. पुढे मोठे झालो, कमावते झालो, मापात बसणारे रुबाबदार बूट आले आणि बोटांची गर्दी सुरू झाली, लग्नसराईतल्या गाडीसारखी.

मणिपालच्या कस्तुरबा मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांनी १९९२ साली एक पाहणी प्रसिद्ध केली होती. दक्षिण भारतातल्या चार ते तेरा वर्षांच्या २३०० मुलांचे पायांचे ठसे त्यांनी तपासले. पादत्राणं घालणाऱ्या मुलांत सपाट पायांचं प्रमाण ८.६ टक्के निघालं, न घालणाऱ्यांत २.८ टक्के. सपाट पाय बंद बुटांत सर्वांत जास्त, सँडल-चपलांत त्याहून कमी. आपल्या एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात. एवढी यंत्रणा हलती राहिली की बळकट होते, कोंडली की आळसावते. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल विद्यापीठाच्या २०२१च्या अभ्यासात लोकांनी सहा महिने रोजच्या वापरात असे पातळ बूट घातले, तेव्हा त्यांच्या पावलांची ताकद सरासरी ५७ टक्क्यांनी वाढली.

पण श्रोतेहो, इथेच घाई होते. चांगलं आहे ना, मग उद्यापासूनच, असं आपण म्हणतो. अमेरिकेत २००९-१०च्या सुमारास अनवाणी धावण्याची लाट आली होती. त्यानंतर तिथल्या संशोधकांनी ३६ धावपटू घेतले. त्यांतल्या काहींना दहा आठवड्यांत पातळ बुटांकडे वळवलं आणि त्यांच्या पायांचे एम.आर.आय. काढले. पातळ बूट घातलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या पायाच्या हाडांत सूज वाढलेली दिसली. हा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे वर्षानुवर्षं टेकूवर उभ्या असलेल्या पायाचा टेकू एकदम काढला, तर दोष पायाचा नाही, घाईचा.

म्हणून मी टप्पे केले. पहिलं म्हणजे रक्तातली साखर तपासून घेतली. टाच दुखत होती तोवर नवा प्रयोग काही केला नाही. औषधपाणी आणि व्यायाम करून दुखणं शमू दिलं.

पहिला टप्पा घरातला. सकाळी अर्धा तास घरातच अनवाणी फिरायचं. फरशीवर रुमाल पसरून तो पायाच्या बोटांनी ओढायचा. दात घासताना एका पायावर उभं राहायचं. पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाचा सावकाश वर-खाली करायच्या. हे का, तर उंच टाचेच्या सवयीनं पोटरी आणि टाचेमागची शीर आखडलेली असते. टाच एकदम जमिनीला लागली की सगळा ताण त्या शिरेवर येतो.

दुसरा टप्पा सपाट चपलेचा. मी त्यासाठी कोल्हापुरी घेतली. जवळजवळ सपाट, आत गादी नाही, आणि वनस्पतींच्या सालीनं कमावलेलं चामडं हळूहळू पायाचा आकार घेतं. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांच्या या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. जून २०२५मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीनं तशाच चपला दाखवल्या, तेव्हा आपल्याकडे केवढा गहजब झाला ते तुम्हाला आठवत असेल. दोन महिने मी कोल्हापुरीवर काढले.

तिसऱ्या टप्प्यात पातळ बूट पायात आले, तेही दिवसाला दहा मिनिटं. आधी मैदानाच्या मातीवर, मग मुरमावर, डांबर आणि काँक्रीट सर्वांत शेवटी. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवायची. कसोटी एकच, दुसऱ्या दिवशी सकाळचं पहिलं पाऊल. ते दुखलं तर एक टप्पा मागे. पोटऱ्या भरून येत; ते चालतं. हाडात ठणका मात्र चालत नाही. ड्यूटीवर मी बरेच महिने जुने बूटही पिशवीत ठेवत असे. डब्याशेजारी बूट, यावरून घरात बोलणी खाल्ली ती वेगळीच.

दहाव्या महिन्यात दिवसभराची ड्यूटी पातळ बुटांत झाली. फरक काय पडला? चालणं बदललं. पावलं आखूड झाली, टाच आपटणं थांबलं. माझ्या चालण्याचा आवाज गेला; एक झोपलेला प्रवासी तिकीट मागितल्यावर दचकून उठला. चांदसैली घाटात गाडी वळण घेते तेव्हा तळपायाला पत्र्यातून ते आधी कळतं, आणि एका हातात मशीन, दुसऱ्या हातात सुटे पैसे असले तरी तोल राहतो. वुजू करताना करंगळीच्या बेचक्यात आता बोट जातं. मला एवढं पुरे आहे.

इथवर झाली माझ्या पायांची गोष्ट. पण ज्या जिल्ह्यात मी राहतो तिथे ही गोष्ट सांगायची मला चोरीच वाटते. कारण माझ्या गाडीत अनवाणी चढणारी माणसं मी सव्वीस वर्षं पाहतोय. फुफाट्यानं तडकलेल्या टाचा, चपला झिजू नयेत म्हणून त्या हातात धरून चालणाऱ्या बाया, आजाऱ्याला बांबूच्या झोळीत घालून डोंगर उतरवणारे पाय. दिवाळीत अस्तंब्याच्या यात्रेला निघालेले पायही मी पाहिले. त्या पायांना कुणी 'बेअरफूट' म्हणत नाही. मार्च २०१८मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत गेला. त्यांत आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येनं होते. सोललेल्या तळव्यांची छायाचित्रं सगळ्या वर्तमानपत्रांत आली आणि मुंबईकरांनी चपला आणून दिल्या. डांबरावरचं ते अनवाणीपण व्यायामाचं नव्हतं. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत अनवाणी धावू लागल्या त्या बूट परवडत नव्हते म्हणून. २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये त्यांनी कांस्यपदक घेतलं, तेव्हा त्यांच्या पायात धावपटूचे बूट होते.

निवडलेलं अनवाणीपण वेगळं. पंढरपूरला जन्मलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांनी जोडे सोडले ते मायबोली मराठी असलेले हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध १९६४ साली गेले त्यानंतर, त्यांच्या शोकात. पुढे त्याच अनवाणी पायांपायी मुंबईतल्या एका क्लबनं त्यांना आत घेतलं नाही. एका चित्रकारानं एका कवीसाठी आयुष्यभर पाळलेला तो मान होता. जोडे घेण्याची ऐपत होती म्हणूनच ते सोडण्याला अर्थ आला.

म्हणून कुणी मला म्हणालं की आदिवासी अनवाणी चालतात म्हणून किती निरोगी, तर मी हात जोडतो. मातीतला आकडेकृमी उघड्या तळव्याच्या कातडीतूनच शरीरात शिरतो आणि रक्त पितो. साप-विंचू चावतात तेही बहुतेक पायालाच. मधुमेहानं ज्यांच्या तळव्याची जाणीव गेली आहे, त्यांना काच रुतलेली कळत नाही. आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण आहेत, त्यांच्या घोट्याजवळच्या जखमा लवकर भरत नाहीत. अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय माझ्या वाटेला जाऊ नये. आपल्या भाषेत 'पादत्राण' असा सुंदर शब्द आहे. त्राण म्हणजे रक्षण. कातडीला रक्षण हवंच. हाडांना मात्र हालचाल हवी. पादत्राणानं पायाचं रक्षण करावं, पायाला कोंडू नये. माझं सांगणं एवढंच आहे.

परवा घाटात गाडी थांबली होती. एक म्हातारे बाबा खाली उतरून माझ्या बुटांकडे पाहत होते. त्यांच्या पायात काही नव्हतं. म्हणाले, "दाखव ना कंडक्टरदादा." मी एक बूट काढून दिला. त्यांनी सोल दोन बोटांत चिमटून पाहिला. "एवढा पातळ? याच्यापेक्षा माझा पाय जाड!" आम्ही दोघंही हसलो. खरं तर त्यांचं बरोबर होतं. केनियात केलेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. अनवाणी चालणाऱ्यांच्या तळव्याची कातडी जाड होते, तरी तिची जाणीव बोथट होत नाही, असं त्यात दिसलं. बाबांच्या पायांनी आयुष्यभर जे फुकट शिकून घेतलं, ते मी साडेतीन हजार रुपये मोजून शिकत होतो.

मग ते म्हणाले, "माझ्या नातवाला बूट घ्यायचे धडगावच्या बाजारात. आश्रमशाळेत जातो. तू सांग कसले घेऊ."

मी म्हणालो, "बाबा, दुपारनंतर घ्या, तेव्हा पाय जरा फुगलेला असतो. पोराला उभं करून माप बघा. पुढे अंगठाभर जागा पाहिजे. बोटं आत हलली पाहिजेत, आणि बूट मधोमध नाही, चवड्यापाशी वाकला पाहिजे. उंच टाचेचे नका घेऊ."

त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग जरा अवघडून म्हणाले, "पण त्याला ते चालताना लाइट लागणारे पाहिजेत."

"घ्या की," मी म्हणालो. "लाइट लागणारेच घ्या. फक्त पुढून रुंद असू द्या."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)