मोडीत न जाणाऱ्या अंगठ्या



वऱ्हाडातल्या घरात सोन्याची अंगठी एका रूपात फार काळ टिकत नाही. मृगाच्या तोंडावर बी-बियाण्यासाठी ती गहाण पडते, कापूस विकला गेला की सुटते, आणि लेकीचं लग्न निघालं की सराफाच्या मुशीत जाऊन पाटलीत नाहीतर मंगळसूत्राच्या वाट्यांत मिसळून जाते. त्यामुळे १९५० च्या सुमाराची सोन्याची अंगठी जशीच्या तशी पाहायला मिळणं दुर्मीळच. त्याच घरात पितळेची, रंगीत काचेच्या खड्याची अंगठी मात्र हमखास निघते. शिवणाच्या डब्यात, बटणं आणि सेफ्टी पिनांच्या तळाशी. तिला मोडीत कोणी विचारत नाही, म्हणून ती वाचलेली असते.

गिलिटाच्या, बेंटेक्सच्या, काचेच्या जुन्या अंगठ्या जमवण्याचा छंद या एका गोष्टीवर उभा आहे. अमरावतीचा इतवारा, अकोल्याचा कोठडी बाजार, तालुक्याच्या गावचे आठवडी बाजार, भंगाराची दुकानं, नात्यातल्या म्हाताऱ्या बायांच्या पेट्या, असा हा फिरण्याचा मुलूख. सराफ्यात गेलं तरी या छंदातल्या मंडळींची नजर काचेच्या कपाटातल्या मालावर नसते. कसोटीवर नापास झालेला माल ज्या डब्यात पडून असतो, त्या डब्यावर असते. सराफाला आधी हसू येतं, मग तो डबाच पुढे सरकवतो.

अंगठ्या जमवण्याचा नाद तसा जुनाच. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी यानं लिहून ठेवलंय की, रोममध्ये अंगठ्या-खड्यांचा संग्रह पहिल्यांदा केला तो हुकूमशहा सुल्लाचा सावत्र मुलगा स्कॉरस यानं. पुढे सेनापती पाँपेनं मिथ्रिडेटिस राजाचा संग्रह जिंकून आणला आणि कॅपिटॉलच्या देवळात वाहिला. ते सगळं मोलाचं धन होतं. बिनमोलाच्या वस्तूंकडे तितक्याच गांभीर्यानं पाहणारा माणूस आपल्याकडे पुण्यात होऊन गेला. दिनकर केळकर, म्हणजे कवी अज्ञातवासी. १९२० च्या आसपास त्यांनी दिवे, अडकित्ते, फण्या, दौती अशा घरगुती वस्तू गोळा करायला सुरुवात केली. १९६० पर्यंत तो संग्रह १५ हजारांच्या घरात गेला आणि पुढे त्यांनी तो राज्य सरकारच्या हवाली केला. अडकित्त्याला संग्रहालयात जागा मिळते, तर पितळी अंगठीनं काय घोडं मारलंय?

तर आता एक अंगठी हातात घेऊन पाहू. पितळेची, लाल काचेची. पालथी केली की कळतं, कोंदण मागून बंद आहे. खड्याच्या पाठीला चकचकीत पत्र्याचं अस्तर लावलंय, उजेड परतून यावा म्हणून. एका कडेला ते काळं पडलंय. कुणीतरी ती घालून भांडी घासली असणार, पाणी आत शिरलं असणार. कडं मागच्या बाजूला जोडलेलंच नाही, दोन टोकं एकमेकांवर सरकतात. सगळ्या बोटांना एकच माप. तरीही ती सैल झाली असावी, कारण कड्याला दोऱ्याचे वेढे आहेत, तेलानं आणि हळदीनं पिवळट झालेले. नवखा संग्राहक घरी येताच पहिल्यांदा तो दोरा कापतो आणि अंगठी चिंचेनं लख्ख घासतो. जाणता हात लावत नाही. दोरा कापला की ती अंगठी कोणीतरी वापरली होती याची खूणच गेली.

वय ओळखण्याच्याही युक्त्या आहेत, आणि खरी गंमत तिथंच आहे. ‘अमेरिकन डायमंड’चा खडा असेल तर अंगठी १९७६ च्या आधीची नव्हे, कारण हा कृत्रिम खडा बाजारासाठी मोठ्या प्रमाणावर बनू लागला तो त्या सुमारास. आणि बनवण्याची पद्धत शोधली रशियन शास्त्रज्ञांनी, अमेरिकेचा संबंध नावापुरता! माणिक म्हणून दिलेला खडा भिंगाखाली धरला आणि आत वाकड्या, कमानीसारख्या रेघा दिसल्या, तर तो भट्टीतला माल. व्हर्नुई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाची ही रीत १९०२ पासूनची, तेव्हा पणजीच्या अंगठीतलं माणिकही कारखान्यातलं निघू शकतं. घरात हे सांगताना मात्र जरा बेतानं. जाड, मेणचट रंगाची प्लॅस्टिकची अंगठी अंगठ्यानं जोरात चोळावी. कार्बोलिकचा वास आला तर बेकलाइट, कापराचा आला तर सेल्युलॉइड.

या जुन्या अंगठ्यांच्या डब्यांत एक सरकारी प्रकरणही लपलेलं आहे. चीनच्या युद्धानंतर, १० जानेवारी १९६३ पासून, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचा नवा दागिना घडवायला बंदी झाली. सुवर्णकारांच्या हातचं काम गेलं, हाल झाले. १४ कॅरेटची अट काही वर्षांत सुटली, पण १९६८ मध्ये नियंत्रणाचा कायदाच झाला आणि तो रद्द व्हायला १९९० उजाडलं. त्या काळात गिलिटाला नाकं मुरडणाऱ्यांचाही नाइलाज झाला असेल, असा तर्क करायला जागा आहे.

वऱ्हाडचा म्हणून जो खास माल, तो देवस्थानांच्या दुकानांत. शेगावला गजानन महाराजांच्या प्रतिमेची अंगठी घेतल्याशिवाय पोराटोरांची वारी पुरी होत नाही. एकीत मीन्याचं काम, दुसरीत प्लॅस्टिकच्या फुगीर झाकणाखाली छापील चित्र. पाच-दहा अशा अंगठ्या शेजारी मांडल्या की छपाई कशी बदलत गेली ते दिसतं. शनीच्या देवळाबाहेर काळी, घोड्याच्या नालेची अंगठी. तांब्याचं वेढं उष्णतेवर म्हणून, आणि त्यानं बोट हिरवं झालं की बायका घाबरतात. घाम आणि तांबं यांचा तो क्षार आहे, साबणानं निघतो.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी चांदूर बाजार तालुक्यातल्या बहिरमच्या यात्रेला जावं. डिसेंबर-जानेवारीत ती महिनाभराहून जास्त चालते. रोडगे आणि हंडीतलं मटण यांच्या वासातून वाट काढत दागिन्यांच्या पालांपर्यंत पोचायचं. नव्या मालाच्या ताटल्या पुढे मांडलेल्या असतात. न खपलेला जुना माल कुठं आहे, ते विचारायचं. आणि भिंग खिशातच ठेवायचं. ते बाहेर निघालं की दहाची अंगठी पन्नासची झालीच म्हणून समजा.