कॅमेऱ्याची साक्ष



छायाचित्रकार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लग्नमंडपातला छायाचित्रकार उभा राहतो. त्याला अक्षत असते, मान असतो, जेवणाची पंगत असते. आज आम्ही ज्याच्याविषयी बोलणार आहो त्याला कोणी आमंत्रण देत नाही. उलट, पुष्कळदा त्याला दारातच अडवले जाते. कारण तो जे दाखवू पाहतो ते झाकलेले राहण्यात कोणाची तरी सोय असते. लोकांच्या जगण्याची खरीखुरी नोंद करणाऱ्या अशा छायाचित्राने समाजात काही पालट होतो काय, आणि होत असेल तर कसा, एवढाच आजचा प्रश्न आहे.

उदाहरणासाठी वऱ्हाडाबाहेर पाहावयास नको. सुधारक ओलवे यांचा जन्म १९६६ सालचा, अकोल्याचा. १९८८ पासून ते मुंबईच्या वृत्तपत्रसृष्टीत छायाचित्रकार म्हणून वावरले. पुढाऱ्यांच्या सभा, समारंभ, अपघात ही त्या व्यवसायाची रोजची भाकरी. परंतु शतक पालटण्याच्या सुमारास त्यांनी आपला कॅमेरा मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांकडे वळविला. ही जवळजवळ सारी माणसे दलित. कमरेपर्यंत, गळ्यापर्यंत गटारात उतरलेली, उघड्या हातांनी कचरा भरणारी. ओलवे त्यांच्या कामावर गेले, तसेच त्यांच्या घरीही गेले. ही कृष्णधवल चित्रे देशात आणि परदेशांत दाखविली गेली. २००५ साली नॅशनल जिऑग्राफिक संस्थेने त्यांचा गौरव केला. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

येथे कोणी विचारील, छायाचित्रकाराला पदक मिळाले, गटारातल्या माणसाला काय मिळाले? प्रश्न रोकडा आहे आणि तो टाळून चालणार नाही. हाताने मैला उचलण्यास बंदी करणारा कायदा १९९३ साली झाला. २०१३ च्या कायद्याने साधनांवाचून गटारात माणूस उतरविण्यासही बंदी केली. गटारात मेलेल्या कामगाराच्या वारसांना १० लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. २०२३ साली ती रक्कम ३० लाख केली. हे श्रेय एका छायाचित्रकाराच्या पदरात घालणे अन्यायाचे होईल. ते चळवळीतल्या असंख्य माणसांचे आहे. शिवाय एवढे होऊनही गटारातले मृत्यू थांबलेले नाहीत. मग चित्राने केले काय? त्याने एक सबब काढून घेतली. ‘आम्हांला हे ठाऊकच नव्हते’ असे म्हणण्याची सोय ज्याने ते चित्र पाहिले त्याला उरली नाही.

आता कापसाच्याच धाग्याने आपण थोडे दूर, अमेरिकेत जाऊ. लुईस हाइन हे न्यूयॉर्कमधले एक शिक्षक. बालमजुरीविरुद्ध झटणाऱ्या एका राष्ट्रीय समितीसाठी १९०८ साली त्यांनी छायाचित्रणाचे काम पत्करले आणि पुढे शाळा सोडली. कॅरोलायना आणि जॉर्जिया प्रांतांतल्या सूतगिरण्यांत लहान लहान मुले चात्यांपुढे उभी असत. मालक आत घेत नसत, तेव्हा हाइन कधी विम्याचा एजंट तर कधी बायबल विकणारा होऊन आत शिरत. मुलाची उंची आपल्या कोटाच्या गुंड्यांवरून मोजीत आणि खिशातल्या वहीत नाव, वय, गाव टिपून घेत. ही वही आम्हांस कॅमेऱ्याइतकीच मोलाची वाटते. चित्राने मन हलते. पण ‘हे खोटे आहे’ असे मालकाने म्हटले म्हणजे त्याला उत्तर द्यावयास वहीच लागते.

आणि काळ किती लागला? १९१६ साली बालमजुरीविरुद्ध कायदा झाला, तो १९१८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविला. टिकणारा कायदा १९३८ साली आला. म्हणजे पहिल्या चित्रांपासून ३० वर्षांनी. १९४० साली हाइन वारले ते दारिद्र्यात. ह्या धंद्यात पडू इच्छिणाऱ्या तरुणांपासून आम्ही ही गोष्ट लपवू इच्छीत नाही. ओलवे यांच्याप्रमाणे पोटासाठी नोकरी आणि मनासाठी हे काम, अशी दुहेरी ओढाताण बहुतेकांच्या वाट्याला येते.

दुसराही एक धोका आहे. डोरोथिया लँग ह्या बाईंनी १९३६ साली कॅलिफोर्नियात एका मजूर मातेचे चित्र घेतले. ते जगभर गाजले. त्या छावणीला सरकारने अन्नही धाडले. परंतु तोवर ती माउली मुलांना घेऊन पुढे निघून गेली होती. लँगबाईंनी तिचे नावही विचारले नव्हते. ते जगाला कळावयास १९७८ साल उजाडले. चित्र अजरामर झाले आणि चित्रातली बाई अनोळखीच राहिली! ज्याचे दुःख टिपले त्याच्या दारी छायाचित्रकाराने पुन्हा गेले पाहिजे, ते चित्र त्याच्या हाती दिले पाहिजे, असे आम्ही म्हणतो ते ह्यासाठी.

हे सर्व नेरमध्ये सांगण्याचे कारण आपणांस ठाऊक आहे. आपला यवतमाळ जिल्हा छायाचित्रांना नवखा नाही. भिंतीवर हार घातलेली तसबीर आणि तिच्याखाली बसलेली शेतकऱ्याची विधवा, हे चित्र बाहेरच्या माणसांनी इतक्यांदा नेले की पाहणाऱ्यांच्या डोळ्यांना त्याची सवय झाली. सवय झालेल्या चित्राने कोणी जागे होत नाही. २०१७ साली ह्याच जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-मजूर दगावले. मग कॅमेरे आले. पण पाठीवर पंप, नाकातोंडाला फार तर एखादा रुमाल, समोर डोक्याइतकी वाढलेली पऱ्हाटी आणि अंगावर परतणारा फवारा, हे दृश्य त्या आधी का कोणाला दिसत नव्हते? ते बांधाबांधावर होते. बातमीचा कॅमेरा मरणानंतर येतो. नोंदीच्या कॅमेऱ्याने मरणाआधी यावे लागते. आणि आधी येणे केवळ त्यालाच शक्य आहे, जो तेथेच राहतो.

आज कॅमेरा घराघरांतल्या मोबाइलमध्ये आहे. उणीव यंत्राची नाही, चिकाटीची आहे. ह्या तालुक्यातल्या चारदोन तरुणतरुणींनी एक विषय धरावा. कापूस वेचणाऱ्या बाईचा एक दिवस घ्या, फवारणीचा एक हंगाम घ्या, एखाद्या वस्तीचे उन्हाळ्यातले पाणी घ्या. विचारून चित्र घ्यावे, तारीख आणि ठिकाण लिहावे. माणसाची संमती असेल तरच नाव द्यावे. मग ती चित्रे आधी त्याच लोकांपुढे मांडावी आणि नंतर ग्रामसभेत, तहसिलीत न्यावी.

कॅमेरा साक्ष देतो, निकाल देत नाही. निकाल तुम्हांआम्हांलाच द्यावयाचा असतो. परंतु साक्षीदारच नसेल तर खटला उभा राहावयाचा कसा? तो साक्षीदार नेरने घरातूनच उभा करावा.