न गोठणारे चुंबक



लोहचुंबक आपण सर्वांनी लहानपणी हाताळला आहे. त्यातील अणू हेच मुळी इवलेसे चुंबक असतात आणि ते एकाच दिशेला तोंड करून उभे राहतात. काही पदार्थांत मात्र शेजाऱ्याच्या उलट तोंड करण्याची अणूंची खोड असते. पाणी गोठावे त्याप्रमाणे, पदार्थ पुरेसा थंड केला की ही मांडणीही ठाम होते. आज आम्ही बोलणार आहोत ते अशा चुंबकांविषयी, की जे कितीही थंड केले तरी गोठत नाहीत.

असे का व्हावे? समजा, दोन जावा रुसल्या. एकीने पूर्वेला तोंड केले, दुसरीने पश्चिमेला. भांडण असले तरी व्यवस्था लागली! पण तिसरी जाऊ आली आणि तिलाही दोघींच्या उलट बसायचे असेल, तर तिने करावे काय? त्रिकोणात बसलेल्या अणूंची हीच पंचाईत होते. 1973 मध्ये फिलिप अँडरसन यांनी सुचविले की, असे अणू जोड्या जमवतील. परंतु एकही जोडी कायमची नसेल. पुंजवादाच्या नियमांप्रमाणे जोड्यांच्या अनेक मांडण्या एकाच वेळी नांदतील. हाच ‘पुंज-फिरकी द्रव’. पदार्थ दगडासारखा घट्टच असतो. द्रव असते ती त्यातील चुंबकांची स्थिती.

असा पदार्थ निसर्गात आहे काय? 2004 मध्ये हर्बर्टस्मिथाइट या हिरव्या खनिजाचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यात तांब्याच्या अणूंचे थर असून दोन थरांमध्ये जस्त असते. थरातील त्रिकोण कोपऱ्याला कोपरा लावून जुळलेले, मध्ये षट्कोनी भोके. जपानी टोपलीच्या विणीवरून या रचनेला ‘कागोमे’ म्हणतात. या अणूंमधील ओढाताण तापमानाच्या भाषेत सुमारे 200 केल्विन भरते. तरीही 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत 0.05 केल्विनपर्यंत ते गोठले नाहीत!

मग प्रश्न सुटला म्हणावे? नाही. या स्फटिकात जस्ताच्या काही जागा तांब्यानेच बळकावलेल्या असतात, आणि त्या घुसखोरांचा गलबला मूळ थरांच्या आवाजात मिसळतो. 2015 च्या सुमारास इटर्बियमच्या एका थरबद्ध संयुगाचाही मोठा बोलबाला झाला. पुढे ध्यानात आले की, त्यातील मॅग्नेशियम व गॅलियमचे अणू अस्ताव्यस्त बसलेले आहेत. आणि अशी अव्यवस्थाही फिरकी-द्रवाचे सोंग उत्तम वठवू शकते.

तेव्हा खरी अडचण आहे ती पुराव्याची. चुंबक गोठला नाही, एवढ्यावरून तो पुंज-द्रव ठरत नाही. घरात भांडणाचा आवाज नाही म्हणून घरात एकोपा आहे, असे कोणी शहाणा म्हणेल काय? एकोप्याची स्वतंत्र खूण पाहिजे. 2012 मध्ये हर्बर्टस्मिथाइटवर न्यूट्रॉन सोडले, तेव्हा रेखीव लहरींऐवजी सर्वत्र पसरलेला प्रतिसाद मिळाला. फुटलेल्या फिरकीची ती खूण असावी, असे अनेकांना वाटते. परंतु घुसखोरांचा वाटा त्यातून वजा करण्याचे काम अजून संपलेले नाही.

हवे ते दिसू लागते, तेव्हाच अधिक संशय घ्यावा, ही या हिरव्या दगडाची शिकवण आम्हांला मोलाची वाटते.