रैतू बाजारचे कार्ड कोणाच्या नावावर?

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



‘रैतू बाजारात विक्रेता कसे व्हावे’ हा विषय मला दिला आहे. निवृत्तीनंतर मी भाजी विकतो, तेव्हा दोन गमती सांगीन, असा चिटणीसांचा अंदाज असावा. गमती आहेतच. पण त्यातली एक गोष्ट गमतीची नाही आणि ती इथे बसलेल्या बऱ्याच घरांना लागू आहे.

रैतू म्हणजे आपली रयतच. हे बाजार २६ जानेवारी १९९९ ला तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशात चंद्राबाबू नायडूंच्या सरकारने सुरू केले. मेहदीपट्टणम, एर्रागड्डा, सरूरनगर इथले बाजार तुम्ही पाहिले आहेतच. आपल्या बायका-मुली तिथूनच भाजी आणतात. कल्पना साधी होती. शेतकऱ्याने मधल्या दलालाशिवाय थेट माल विकावा. जागेचे भाडे नाही. भाव सकाळी ठरतो आणि फळ्यावर लिहितात. घाऊक भावाहून साधारण पाव हिश्श्याने वर आणि किरकोळीहून तितकाच खाली, असे धोरण. इतके असूनही आपली माणसे फळ्याखाली उभी राहून घासाघीस करतात, ते सोडा.

बसायला मिळण्यासाठी फोटोचे ओळखपत्र लागते. महसूल, फलोत्पादन आणि कृषी अशा तीन खात्यांची माणसे मिळून खात्री करतात की अर्जदार खरा शेतकरी आहे आणि पीक खरोखर उभे आहे. व्यापाऱ्याने शेतकरी बनून बसू नये, हा हेतू.

आमची चेवेळ्ळ्याच्या बाजूला तीन एकर जमीन आहे. आजोबांच्या वेळची. माझी नोकरी शहरात झाली, जमीन एक तेलुगू कुटुंब कसते. इकडे त्यांना कौलू रैतू म्हणतात. २०१५ साली मी निवृत्त झालो आणि अर्ज केला. अधिकारी शेतावर आले. वांगी उभी होती. मला विचारले, रोप कधी लावले? मी गप्प. दुसरा प्रश्न, शेवटची फवारणी कशाची? मी पुन्हा गप्प. दोन्ही उत्तरे आमच्या कौलदाराने दिली, बांधावरून, हात जोडून. अधिकाऱ्यांनी मान डोलावली आणि कार्ड माझ्या नावावर केले, कारण पट्टादार पासबुक माझ्या नावावर होते. कार्डावर फोटो माझा. हातांना घट्टे त्याच्या.

तेव्हा मला ते खटकले नाही, हे कबूल करतो. खटकले ते पुढे. कार्ड मिळाल्यावर महिन्याभरात एकजण घरी आला. म्हणाला, साहेब, तुम्ही कशाला पहाटे उठता, कार्ड माझ्याकडे द्या, दर महिन्याला ठरावीक रक्कम पोचवतो. तो घाऊक बाजारातून माल उचलणारा होता. मी नाही म्हणालो. पण माझ्या ध्यानात आले की माझ्या नावाचे कार्ड व्यापाऱ्याला सहज वापरता येते, आणि ज्याने वांगी पिकवली तो मात्र पहाटे तीनला बोवेनपल्लीच्या घाऊक बाजारात जाऊन अडत भरतो.

मग मी ठरवले, आपण स्वतः बसायचे. पहिल्या शनिवारी ओळखीच्या एक वहिनी समोर आल्या आणि म्हणाल्या, “अहो, तुम्ही? इथे?” जणू मी कुठे उधारी बुडवून पळालो होतो. तराजू धरण्यात आपल्या मंडळींना अजून कमीपणा वाटतो. वर्षभरात तो गेला. अंबाडीची जुडी बांधायलाही शिकलो. पण खरे विकते कौलदाराची बायको. तिला गिऱ्हाईक कळते, मला नाही. एके दिवशी देखरेखीवाल्याने हटकले: कार्ड तुमचे, ही तुमच्या घरातली नाही, हिला उठवा. नियमाने तो बरोबर होता. ती उठली आणि मी बसलो. त्या दिवशी निम्मी वांगी परत नेली.

आता मुद्द्यावर येतो. कौलदाराच्या नावे कार्ड व्हावे म्हणून मालकाने लेखी संमती द्यावी, असे मी घरी सुचवले. धाकटा भाऊ ताडकन म्हणाला, “दादा, कूळ लागेल.” ही भीती हवेतली नाही. १९५० चा हैदराबादचा कुळकायदा आपल्या घरांनी पाहिला आहे. कितीजणांच्या जमिनी कसणाऱ्यांकडे गेल्या. माझ्या मते त्यात पुष्कळसा न्याय होता, पण त्यावर इथे वाद नको. तेव्हापासून आपण कसणाऱ्याचे नाव कागदावर येऊच देत नाही. सगळे तोंडी.

या तोंडी कारभारात कौलदार प्रत्येक ठिकाणी बाहेर राहतो. २०११ साली आंध्रने कौलदारांना कर्ज मिळावे म्हणून वर्षाच्या मुदतीच्या कार्डांचा कायदा केला. त्या कार्डाने जमिनीवर हक्क लागत नाही, हे कायद्यातच होते. तरी मालक सह्या देईनात, आणि २०१४ ला तेलंगण वेगळे झाल्यावर इकडे ते काम जवळपास थांबले. २०१८ ला रैतू बंधू आली, एकरी चार हजार रुपये हंगामाला, तेही पासबुकवाल्याला. पहिल्या वर्षी ते पैसे मी ठेवून घेतले. खोटे कशाला बोलू?

म्हणून मंडळाने पणन खात्याला निवेदन द्यावे: बाजारचे कार्ड उभे पीक पाहून, कसणाऱ्याच्या नावावर द्यावे. ते एका वर्षापुरते असावे आणि त्यावर ठळक लिहावे की याचा जमिनीच्या हक्काशी संबंध नाही. शेजाऱ्यांकडून खात्री करून घ्यावी. गावात कोण काय पिकवते हे सगळ्यांना ठाऊक असते. आपण इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतो, मतदान करतो, आपल्या शाळांसाठी सरकारदरबारी जातो. मग ज्यांच्या कष्टावर आपल्या जमिनी राखल्या गेल्या त्यांच्यासाठी एकदा जायला हरकत नसावी. आणि हे निवेदन जमीनमालकांच्या सहीने गेले तर कचेरीत त्याकडे वेगळ्या नजरेने पाहतील.

भाऊ अजून तयार नाही. जमीन दोघांच्या वाटणीची असल्याने माझी एकट्याची सही माझ्या दीड एकरापुरतीच चालते, ती मी केली आहे. निवेदनाचा मसुदा मराठी आणि तेलुगू दोन्हीत टेबलावर ठेवला आहे. ज्यांची जमीन दुसरे कोणी कसते त्यांनी वाचून पाहावा, शंका असेल तर मला विचारावे. सही करणाऱ्यांनी गावाचे नाव आणि सर्व्हे नंबर लिहावा. पुढच्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी कार्यालयात बसणार आहे. शनिवारी मात्र भेटणार नाही, शनिवारी बाजार असतो.